न दिसलेल्यांची मोजदाद

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘रानातल्या जनावरांची गणती’ हा विषय माझ्यासारख्या माणसाला द्यावा, ह्याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी वनखात्यातला नव्हे, की कॉलेजातला प्राध्यापकही नव्हे. शाळा दहावीत सुटली. त्यापुढचे गणित शिकलो ते महागाई भत्त्याच्या भांडणातून. ग्राहक किंमत निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवला जातो म्हणून १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी केवढे आंदोलन केले, आणि लकडावाला समितीला त्यात दुरुस्ती कशी सुचवावी लागली, ही हकीकत जुन्या कार्यकर्त्यांकडून मी ऐकत आलो. आकडा कोणी काढला आणि कसा काढला, हे विचारण्याची सवय तेव्हापासून लागली. तीच सवय घेऊन मी जंगलात शिरलो, एवढेच.

शिरलो तेही आपल्यासारख्याच शहरी हौशी माणसाच्या वाटेने. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून येतील ती जनावरे वहीत टिपायची, हा प्रघात महाराष्ट्रातल्या अभयारण्यांतून बरीच वर्षे आहे. मीही एकदा बसलो. रात्रभरात सत्तावीस रानडुकरे, अकरा गवे आणि एक अस्वल लिहिले. सकाळी शेजारच्या पाणवठ्यावरचा मनुष्य म्हणाला, “माझ्याकडेही अकराच गवे.” आता हे बावीस गवे, की तेच अकरा? आणि त्या रात्री ज्यांना तहानच लागली नाही, किंवा जी एखाद्या डबक्यावर पाणी पिऊन गेली, त्यांचे काय? वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. अनुभव म्हणून ती रात्र मी विसरणार नाही. पण तिला गणती म्हणणे कठीण आहे.

हीच अडचण आमच्या धंद्यात कशी आली, ते आधी सांगतो, म्हणजे वाघाकडे जाणे सोपे पडेल. काही वर्षांपूर्वी एका मागवस्तीत आम्ही युनियन बांधीत होतो. कारखान्यांच्या हजेरीपत्रकांवर मिळून ९६ नावे होती. आत माणसे त्याहून पुष्कळ राबत होती, हे सर्वांना दिसत होते. पण किती, हे सांगता येईना. एका पाळीच्या सुटीला आम्ही दारावर उभे राहिलो आणि भेटेल त्याला युनियनचा एकेक बिल्ला दिला. ८४ बिल्ले गेले. आठ दिवसांनी पुन्हा उभे राहिलो. त्या दिवशी ७० जण भेटले. त्यांतल्या २८ जणांजवळ आमचा बिल्ला होता. आता पाहा: सत्तरांत अठ्ठावीस म्हणजे पाचांत दोन. दुसऱ्या दिवशी भेटलेली माणसे साऱ्या वस्तीचा खरा नमुना असतील, तर साऱ्या वस्तीतही पाचांत दोघांजवळ बिल्ला असला पाहिजे. बिल्ले तर ८४. तेव्हा माणसे झाली २१०. जी माणसे आम्ही पाहिलीच नाहीत, त्यांचा हिशेब ज्यांना दोनदा पाहिले त्यांच्यावरून लागला.

ही युक्ती आम्हांला सुचलेली नव्हे. डेन्मार्कच्या पीटरसन ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणेच्या चकत्या लावून ते पुन्हा समुद्रात सोडले. अमेरिकेत फ्रेडरिक लिंकनने १९३० साली, पायांत कडी घातलेल्या बदकांपैकी किती शिकाऱ्यांकडून परत कळतात, ह्यावरून बदकांची संख्या काढली. म्हणून शास्त्रात ह्या रीतीला लिंकन आणि पीटरसन ह्यांचे नाव आहे. त्यांच्याही आधी, १८०२ साली, फ्रान्समध्ये लाप्लास ह्या गणितज्ञाने माणसांवर असाच हिशेब चालवला होता. निवडक गावांतली माणसे मोजवून घेतली, ती भरली २०,३७,६१५. तिथल्या वर्षाच्या जन्मनोंदींशी त्यांचे प्रमाण पडले एका जन्मामागे सुमारे सव्वाअठ्ठावीस माणसे. सबंध देशाच्या जन्मनोंदींना तेवढ्याने गुणले की देशाची लोकसंख्या. आपल्याकडे पिकाचा अंदाज काढण्यासाठी निवडक शेतांतले ठराविक तुकडे कापून मोजण्याची जी पद्धत रुजली, तिला शास्त्रीय पाया देण्यात सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे ह्यांचा मोठा वाटा आहे. सर्वांना न मोजता सर्वांविषयी बोलायचे, पण बोलताना आपली चूक किती असू शकेल तेही सांगायचे, हा ह्या सगळ्यांतला समान धागा.

चुकीचे हे प्रकरण मात्र नीट समजून घेतले पाहिजे. आमच्या २१० ह्या आकड्यावर सूत्र चालवले, तेव्हा उत्तर असे आले की खरी संख्या साधारण १५० आणि २७० ह्यांच्या दरम्यान असावी. असे पट्टे शंभर वेळा काढले तर पंचाण्णव वेळा खरी संख्या त्यांत सापडते. कार्यकर्ते नाराज झाले. पत्रकात ‘दीडशे ते पावणेतीनशे’ कसे छापणार? (मोर्चाला आलेली माणसे आम्ही कशी छापतो, ते आपणांस ठाऊक आहेच, त्याविषयी न बोललेले बरे.) पुढे घरोघर जाऊन यादी केली, तेव्हा २३६ नावे निघाली. पट्ट्यात बसली, पण मधल्या आकड्यापेक्षा जास्त. आणि ती का, हे यादी वाचताना उमगले. रात्रपाळीच्या कांडी भरणाऱ्या बाया दारावर आम्हांला पाहून मागच्या बोळाने जात. त्या पहिल्या दिवशीही भेटल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. जो नेहमीच टाळतो, तो ह्या हिशेबाबाहेर राहतो आणि संख्या कमी भरते. उलट, मुकादमाच्या भीतीने कोणी बिल्ला काढून टाकला असेल, तर आपण त्याला नवा समजतो आणि संख्या फुगते. मधल्या आठ दिवसांत माणसे आली-गेली तर आणखीच घोटाळा.

आता वाघ. १९६६ साली ओरिसातले वनाधिकारी सरोज राज चौधरी ह्यांनी पगमार्कांची, म्हणजे पंजाच्या ठशांची पद्धत आणली. ठशावर काच ठेवायची, वरून रेघ उतरवायची. मागच्या डाव्या पायाचा ठसा विशेष महत्त्वाचा. मग जमलेले ठसे समोर मांडून त्यांतून एकेक वाघ वेगळा काढायचा. १९७२ च्या देशव्यापी गणतीत १,८२७ वाघ निघाले. २००१–०२ च्या गणतीत ३,६४२. कागदावर तीस वर्षांत दुप्पट.

पद्धतीत गोम अशी, की प्रत्येक वाघ मोजल्याचा तिचा दावा होता. किती सुटले, हे विचारायला तिच्यात जागाच नव्हती. ओल्या मातीत तोच पाय मोठा दिसतो, कोरड्या धुळीत निराळा. कर्नाटकातले डॉ. उल्लास कारंथ ह्यांनी पिंजऱ्यातल्या मोजक्या वाघांचे ठसे जाणकारांपुढे ठेवून पाहिले; वाघ किती, हे त्यांना बरोबर सांगता आले नाही. आणि ठसा उतरवणारा कोण? बीटवरचा वनरक्षक. त्याच्या हद्दीतला वाघ कमी झाला तर जाब त्यालाच. त्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. उत्पादनाचा आकडा कमी भरला की ज्याचा पगार कापतात, तो आकडा कमी भरू देत नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे.

ह्याची किंमत राजस्थानात सरिस्क्याला मोजावी लागली. २००४ सालच्या कागदांवर तिथे दीड डझनाच्या आसपास वाघ होते. २००५ च्या आरंभी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी शोध घेतला, तेव्हा एकाचाही मागमूस लागला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी सारे संपवले होते. मध्य प्रदेशातल्या पन्न्यात २००९ साली तेच घडले. वाघ एका रात्रीत जात नाहीत. वर्षानुवर्षे ते कमी होत असता कागद भरलेले राहिले, म्हणून वेळेवर ओरड झाली नाही.

कारंथांनी नव्वदीच्या दशकात नागरहोळच्या जंगलात बिल्ल्याचाच हिशेब वाघाला लावला. वाघाला बिल्ला लावावा लागत नाही. तो जन्मतःच अंगावर घेऊन येतो. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, आणि त्याच वाघाच्या दोन कुशीही सारख्या नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधायचे. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे चित्र उमटते. कोण एकदाच दिसला, कोण पुन्हा दिसला, कोणत्या कॅमेऱ्यावर, ह्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

२००६ पासून राष्ट्रीय गणतीने पगमार्क सोडून कॅमेऱ्यांचा आधार घेतला. पहिलाच आकडा आला १,४११, आणि सोबत पट्टा १,१६५ ते १,६५७. वर्तमानपत्रांनी ३,६४२ शी तुलना करून हाकाटी केली. ती तुलना न्याय्य नव्हती. एक मापे गजाने घेतलेली, दुसरी अंदाजाने वितीने. २०१८ साली २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या जवळपास चित्रे निघाली, त्यांत वाघांची ७६,६५१. आणि पट्टे जुळवल्यावर वेगवेगळे वाघ निघाले २,४६१. देशाचा अंदाज मात्र २,९६७. म्हणजे पाचशेंवर वाघ असे, की ज्यांचे चित्र कोणाजवळ नाही. त्यांवर विश्वास ठेवावा काय? जिथे कॅमेरे दाट होते, तिथला हिशेब बिल्ल्यांसारखाच, म्हणून ठेवावा. पण जिथे कॅमेरे नव्हते, तिथे वाघाच्या खुणा, सावजाची विपुलता, जंगलाची स्थिती ह्यांवरून संख्या बसवली जाते; आणि अशा बसवणीवर २०१५ साली कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडक टीका केली. माझ्या मते ती टीका लोकांपुढे आली हेच चांगले झाले. पगमार्कांच्या काळात भांडायला आधारच नव्हता. २०२२ च्या गणतीचा सरासरी आकडा ३,६८२, वरची मर्यादा ३,९२५. ह्यांतला दुसरा आकडा आपल्यापैकी किती जणांनी ऐकला, हे मी विचारत नाही.

हरणांना अंगावर वाघासारखा बिल्ला नाही. (चितळाच्या ठिपक्यांचे नाव काढू नका, कळपातल्या दोनशे चितळांचे ठिपके जुळवत बसायला कोणाला वेळ आहे?) त्यांच्यासाठी जंगलात सरळ रेषा आखून चालायचे, आणि दिसलेला प्रत्येक कळप रेषेपासून किती अंतरावर होता ते मोजायचे. रेषेवर असलेले सगळे दिसतात असे धरले, तर लांब जाऊ तसतसे दिसणारे किती कमी होतात, ह्यावरून झाडीआड किती राहिले ते कळते. पायपीट मोठी, पण खर्च थोडा.

येत्या बुद्धपौर्णिमेला आपल्यापैकी कोणी मचाणावर बसणार असतील, तर वहीत एक जादा रकाना आखून घ्या. कान फाटलेला गवा, लंगडणारा डुक्कर, अशी ओळख पटण्याजोगी जनावरे त्यात वेळेसकट लिहा. आणि सकाळी खाली उतरल्यावर चहा घेण्याच्या आधी शेजारच्या पाणवठ्यावरच्या माणसाला विचारा, की तुमच्याकडे तो फाटक्या कानाचा किती वाजता आला होता.