व्यक्तिछायाचित्राचे चित्ररूपांतर : संगणकीय क्रिया आणि साम्याचा प्रश्न

छायाचित्रावर चित्रकाराने हात फिरविण्याची प्रथा जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत भारतातील अनेक संस्थानी दरबारांत छापील छायाचित्रावर अपारदर्शक जलरंगांचे लेपन करण्याची पद्धत रूढ झाली. अशा चित्रांत वस्त्रे, अलंकार, गालिचा आणि पार्श्वभूमी ही पुष्कळदा रंगाखाली पूर्णपणे झाकलेली आढळतात. चेहऱ्यावर मात्र रंगाचा हात अगदी हलका असतो. चित्रकाराला ठाऊक होते, की पागोटे बदलले तरी माणूस तोच राहतो. भुवईची रेषा बदलली की तो राहीलच असे नाही.

आज हेच काम संगणकावर होते. टॉमस व जॉन नॉल या बंधूंनी रचलेला ‘फोटोशॉप’ हा कार्यक्रम १९९० साली अ‍ॅडोबी कंपनीने बाजारात आणला. एकावर एक थर रचण्याची सोय त्यात १९९४ मध्ये आली. ‘गिंप’ हा मुक्त कार्यक्रम १९९५ पासून विकसित होत गेला. या साधनांमुळे पेन्सिलचित्र, तैलचित्र वा भित्तिपत्रक यांचा आभास एका कळीसरशी निर्माण करता येतो. परंतु ही कळ दाबली असता प्रत्यक्षात काय घडते, छायाचित्रातील कोणता अंश टिकतो व कोणता गळतो, हे क्वचितच तपासले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या क्रियांचे स्वरूप उलगडून दाखविणे आणि त्यातून उद्भवणारा साम्याचा प्रश्न मांडणे हा आहे.

१. छायाचित्र : संख्यांचा तक्ता

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे चित्रकणांचा चौकोनी तक्ता होय. सर्वसाधारण छायाचित्रात प्रत्येक चित्रकणाला तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांच्या तीन संख्या असतात आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. रंगीत चित्र करड्या छटांत आणण्यासाठी या तीन संख्यांची भारित सरासरी घेतली जाते. फार प्रचलित असलेले भार तांबड्यास ०.२९९, हिरव्यास ०.५८७ आणि निळ्यास ०.११४ असे आहेत. मानवी डोळा हिरव्या प्रकाशास अधिक संवेदनशील असल्यामुळे त्याला सर्वांत मोठा वाटा मिळतो.

ही क्रिया वरकरणी निरुपद्रवी दिसते. तथापि पहिली निवड येथेच होऊन जाते. त्वचेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून केवळ तांबड्या संख्या घेतल्या तर त्वचा उजळ व नितळ दिसते, पण ओठ तिच्यात मिसळून जातात. केवळ निळ्या संख्या घेतल्या तर डाग, सुरकुत्या व व्रण ठळक होतात. एकाच वृद्ध चेहऱ्यातून एक सौम्य आणि एक रखरखीत असे दोन चेहरे निघू शकतात, आणि तेही चित्र काढण्यास आरंभ होण्यापूर्वीच.

२. पेन्सिलचित्राचे गणित

छायाचित्राचे पेन्सिलचित्र करण्याची सर्वपरिचित रीत अशी आहे. प्रथम चित्र करड्या छटांत आणावे. त्याची एक प्रत वरच्या थरावर ठेवून ती उलटी, म्हणजे निगेटिव्हसारखी करावी. ती प्रत गाउसीय पद्धतीने धूसर करावी, म्हणजे प्रत्येक चित्रकणाच्या जागी त्याच्या परिसराची सरासरी घ्यावी. शेवटी वरच्या थरास ‘कलर डॉज’ हा मिश्रणप्रकार लावावा. क्षणार्धात पांढऱ्या कागदावर काळ्या रेषा उमटतात.

यामागील गणित सोपे आहे. ‘कलर डॉज’ या प्रकारात खालच्या थरातील संख्येला २५५ने गुणून, २५५ मधून वरची संख्या वजा केली असता जे उरते त्याने भागले जाते. वरचा थर उलटा केलेला असल्यामुळे ही वजाबाकी म्हणजेच परिसराची सरासरी होय. सारांश, अंतिम संख्या म्हणजे चित्रकणाचे त्याच्या परिसराशी असलेले गुणोत्तर, २५५ पटीने वाढविलेले.

एक उदाहरण घेऊ. गालाच्या मध्यभागी चित्रकण १८० आहे आणि परिसरही १८० आहे. गुणोत्तर १ आले, म्हणून उत्तर २५५, अर्थात कोरा कागद. आता कपाळ व केस यांच्या सीमेवर परिसराची सरासरी १२० आहे असे मानू. केसाच्या बाजूचा चित्रकण ६० असेल, तर उत्तर सुमारे १२८ येते व तेथे करडी रेषा उमटते. कपाळाच्या बाजूचा चित्रकण १८० असेल, तर उत्तर ३८२ होते. परंतु २५५च्या पलीकडे जागा नसल्यामुळे तेथे पांढरेच राहते. म्हणजे रेषा नेहमी सीमेच्या गडद बाजूस पडते. कुशल रेखाटनकारही केसांची कड बहुधा केसांच्या बाजूनेच काढतो. या पद्धतीचा आभास विश्वसनीय वाटतो त्याचे हे एक कारण असावे.

गुणोत्तराचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. प्रकाश निम्मा झाला तर ६० व १२० यांच्या जागी ३० व ६० येतील, परंतु उत्तर बदलणार नाही. याचा अर्थ असा, की ही पद्धत मंद गतीने बदलणारा छायाप्रकाश पुसून टाकते. गालाचा उठाव, हनुवटीखालची सावली, नाकाची गोलाई हे सारे अशा मंद बदलांनीच व्यक्त होत असते. धूसरतेची त्रिज्या लहान ठेवली तर केवळ रेषा उरतात आणि चेहरा सपाट होतो. त्रिज्या वाढविली तर उठाव हळूहळू परत येतो. योग्य त्रिज्या कोणती हे संगणक सांगू शकत नाही.

याच गुणोत्तरात एक दोषही दडलेला आहे. उजळ भागात परिसर २०० असताना चित्रकण १९८ झाला, तर उत्तर २५२ येते. डोळ्याला फरक जाणवत नाही. गडद भागात परिसर १० असताना चित्रकण ८ झाला, तर उत्तर २०४ येते. फरक दोन्ही ठिकाणी दोनाचाच आहे. परंतु दुसऱ्या ठिकाणी कागदावर स्पष्ट ठिपका उमटतो. म्हणून अपुऱ्या प्रकाशात टिपलेल्या सावळ्या चेहऱ्यावर ही पद्धत निष्कारण खरखर उत्पन्न करते आणि गोऱ्या चेहऱ्यावर तीच पद्धत स्वच्छ रेषा देते. कळ एकच असली तरी तिचा न्याय सारखा नाही. उपाय कठीण नाही: आरंभीच सर्व संख्यांत ४० मिळविले तर ४८ व ५० यांचे गुणोत्तर येऊन उत्तर २४५च्या आसपास पोहोचते व खरखर शमते. मात्र हा उपाय योजण्यासाठी दोष कोठून आला हे कळले पाहिजे.

३. कुंचल्याचा आभास

तैलचित्राचा आभास देणाऱ्या अनेक क्रियांच्या मुळाशी कुवाहारा यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत आहे. ती १९७६ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिचा चित्रकलेशी संबंध नव्हता. किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने घेतलेल्या हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी ती योजली होती. तीत प्रत्येक चित्रकणाभोवती, समजा, पाच गुणिले पाचची खिडकी घेतात व तिचे तीन गुणिले तीनचे चार कोपरे पाडतात. मधला चित्रकण चारही कोपऱ्यांत समाविष्ट असतो. ज्या कोपऱ्यातील संख्यांत सर्वांत कमी विचलन असेल, त्याची सरासरी मधल्या चित्रकणाला दिली जाते. सीमारेषेजवळ असा कोपरा बहुधा सीमेच्या एकाच बाजूस असतो. त्यामुळे कड शाबूत राहते आणि आतील भाग रंगाच्या सपाट थापांसारखा दिसतो.

पण चेहऱ्यात काही गोष्टी खिडकीपेक्षाही लहान असतात. बुबुळातील प्रकाशबिंदू हे त्याचे उत्तम उदाहरण. काळेभोर बुबुळ २० आणि त्यातील एका चित्रकणाचा प्रकाशबिंदू २४० असेल, तर चारही कोपऱ्यांची सरासरी सुमारे ४४ होते. बिंदू विझतो आणि त्याबरोबर दृष्टीतील चैतन्यही जाते. तैलरंगात हाच बिंदू चित्रकार बहुधा शेवटी, एकाच निश्चयी स्पर्शाने ठेवतो.

चित्रकाराच्या कृतीचा क्रम अनुसरण्याचा प्रयत्नही झालेला आहे. पॉल हेबर्ली यांनी १९९० साली अशी रीत मांडली, की छायाचित्रातून केवळ रंग घ्यावा आणि त्या रंगाचे फटकारे वेगवेगळ्या आकारांनी व दिशांनी कोऱ्या पृष्ठावर उमटवावेत. कोठे उमटवायचे हे माणसाच्या हाताने ठरावे. एरन हर्ट्झमन यांनी १९९८ साली मोठ्या कुंचल्यापासून आरंभ करून जेथे मूळ चित्राशी फरक अधिक राहील तेथेच लहान कुंचला वापरण्याची स्वयंचलित पद्धती दिली. अर्थात तेथे तपशिलाची निकड संख्यांतील फरकावरून ठरते. नक्षीदार शालीत असा फरक डोळ्यापेक्षा अधिक असू शकतो. मग शालीला बारीक कुंचला लाभतो आणि डोळ्याला जाडा.

२०१५ साली ट्यूबिंगन येथील गॅटिस, एकर व बेथगे यांनी कृत्रिम चेताजालांच्या आधारे शैलीचे संक्रमण करून दाखविले. वस्तू ओळखण्यास शिकविलेल्या जालाच्या वरच्या स्तरांतून आशय आणि विविध स्तरांवरील गुणविशेषांच्या परस्परसंबंधातून शैली घेऊन त्यांनी नदीकाठच्या घरांच्या छायाचित्रावर व्हान गॉखच्या ‘तारांकित रात्री’ची धाटणी चढविली. घरांच्या रांगेला ही भोवऱ्यांची रेषा साजते. पण गालावरून वळत आलेला भोवरा पापणीची रेषा ओलांडून गेला, तर जालाला त्यात वावगे काही दिसत नाही.

४. साम्य कशात असते?

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. लिऑन हार्मन व बेला जुलेझ यांनी १९७३ साली अब्राहम लिंकन यांचे छायाचित्र मोजक्या चौकोनी ठोकळ्यांत रूपांतरित करून दाखविले. जवळून केवळ ठोकळे दिसतात. डोळे किलकिले केले किंवा दूर गेले की लिंकन प्रकट होतात. ठोकळ्यांच्या तीक्ष्ण कडा ही मिथ्या माहिती असून ती खऱ्या, स्थूल माहितीला झाकून टाकते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. साल्वादोर दाली यांनी १९७६ साली याच कल्पनेवर भव्य चित्र रचले. यावरून निष्पन्न होते, की साम्यासाठी तपशील फारसा लागत नाही. पण चुकीच्या जागी आलेला तपशील साम्य झाकू शकतो.

थोडा तपशील पुरतो खरा, पण कोणता? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून भुवया काढून टाकल्या असता त्या व्यक्ती ओळखणे, डोळे काढून टाकल्यापेक्षाही अधिक कठीण झाले. परिचित चेहरा निगेटिव्हमध्ये सहज ओळखू येत नाही, हाही सर्वांच्या अनुभवातील भाग आहे. रेषा त्याच असतात, पण उजेड व काळोख यांचे नाते उलटलेले असते.

यातून कार्यपद्धतीचे एक तत्त्व मिळते. चेहरा आणि पडदा यांवर एकच क्रिया एकाच मात्रेने करू नये. प्रत्येक क्रिया वेगळ्या थरावर करावी व थरास मुखवटा जोडावा. म्हणजे भुवया, डोळे आणि ओठांच्या कडा येथे तिची मात्रा कमी करता येते. क्रियेची त्रिज्या चित्राच्या रुंदीवरून न ठरविता दोन डोळ्यांतील अंतरावरून ठरवावी. दरबारी चित्रकारांनी रंगाचा जाड लेप पागोट्यावर व हलका हात चेहऱ्यावर ठेवला, त्याचेच हे नवे रूप होय.

५. चेहऱ्यावरील अधिकार

गळणारा अंश हा एक धोका झाला. भर पडणारा अंश हा दुसरा. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या, धूसर चेहऱ्यातून स्पष्ट चेहरा घडविणाऱ्या एका साधनाला बराक ओबामा यांचे ठोकळेदार चित्र दिले असता त्यातून गोऱ्या पुरुषाचा चेहरा निघाला. साधनाने मूळ चेहरा शोधला नव्हता; तसे ठोकळे ज्यापासून होऊ शकतील असा एक संभाव्य चेहरा रचला होता. पणजीचे जीर्ण छायाचित्र अशा साधनातून काढून भिंतीवर लावणाऱ्या कुटुंबाने हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. भिंतीवरील स्त्री सुंदर असेल; ती पणजी असेलच असे नाही.

अधिकाराचा प्रश्न कायद्यापुढेही आला आहे. शेपर्ड फेअरी यांचे २००८ सालचे ‘होप’ हे भित्तिपत्रक एका वृत्तसंस्थेसाठी २००६ मध्ये टिपलेल्या छायाचित्रावरून केलेले होते. तो वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली टिपलेल्या गायक प्रिन्स यांच्या छायाचित्रावरून अँडी वॉरहॉल यांनी चित्रमाला केली होती. तीतील एक चित्र २०१६ मध्ये नियतकालिकास वापरण्यास देण्यात आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली, उचित वापराच्या पहिल्या निकषावर, त्या विशिष्ट वापरापुरता निर्णय गोल्डस्मिथ यांच्या बाजूने दिला. नवी शैली चढविली म्हणजे मूळ छायाचित्रकाराचा हक्क आपोआप संपत नाही, हा त्यातील बोध. भारतात १९५७च्या कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती असून ते टिपणारा तिचा कर्ता ठरतो. मात्र मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा, की चित्ररूपांतर म्हणजे छायाचित्रावर चढविलेला अलंकार नव्हे. काय ठेवावे व काय टाकावे यासंबंधीच्या निर्णयांची ती मालिका आहे. कुंचल्याच्या काळी हे निर्णय चित्रकार प्रत्येक स्पर्शागणिक घेत असे. कळीच्या काळी ते क्रियेच्या रचनाकाराने आधीच, चेहरा न पाहता, घेतलेले असतात. गुणोत्तर, खिडकी व त्रिज्या यांचे ज्ञान असणाऱ्याला ते पुन्हा स्वतःच्या हाती घेता येतात. ज्याला ते नाही, त्याच्या चित्रात चेहरा समोरच्या माणसाचा आणि निवड परक्याची राहते.