वक्ता आणि श्रोता

मनुष्याला वाणी आणि कान ही निसर्गाने दिलेली देणगी आहे. परंतु बोलण्याची आणि ऐकण्याची कला ही मात्र त्याची स्वतःची कमाई आहे. मित्रांच्या घोळक्यात तासभर अस्खलित बोलणाऱ्या मुलाला वर्गापुढे उभे करून चार वाक्ये बोलावयास सांगितले, की त्याच्या घशाला कोरड पडते. तसेच, ज्याच्या कानांत कोणताही दोष नाही असा विद्यार्थी, व्याख्यान संपल्यावर 'वक्ते काय म्हणाले?' या साध्या प्रश्नाला पुष्कळदा निरुत्तर होतो. तोंडातून शब्द बाहेर पडणे म्हणजे भाषण नव्हे, आणि कानांवर शब्द पडणे म्हणजे ऐकणे नव्हे. एकाच्या मनातील विचार दुसऱ्याच्या मनात नीट पोहोचला, म्हणजेच भाषण पूर्ण झाले. एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण लोक बहुधा भांडणाच्या संदर्भात वापरतात. पण सभेलाही ती तितकीच लागू पडते. सभेचे यश निम्मे वक्त्याच्या आणि निम्मे श्रोत्याच्या हाती असते.

सभेत बोलावयास उभे राहणाऱ्याला प्रथम गाठते ते सभाभय. छाती धडधडणे, तळहात ओले होणे, जीभ कोरडी पडणे, श्वास अपुरा वाटणे ही त्याची लक्षणे होत. संकट समोर दिसताच शरीर धावण्याची किंवा झुंजण्याची जी सिद्धता करते, तीच सिद्धता ते अनेक डोळे आपल्याकडे लागलेले पाहून करते. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. थोरामोठ्यांनाही हे भय चुकलेले नाही.

महात्मा गांधींचेच उदाहरण पाहा. १८८८ ते १८९१ या काळात ते इंग्लंडमध्ये कायद्याचा अभ्यास करीत होते. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते सभासद होते. परंतु बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून नेले, आणि तेही दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले. स्वदेशी परतण्यापूर्वी त्यांनी मित्रांना मेजवानी दिली. त्या प्रसंगासाठी छोटेसे भाषण तयार केले होते. पण पहिल्या वाक्यानंतर पुढचे काही आठवेना, तेव्हा आभार मानून ते खाली बसले. पुढे मुंबईच्या लघुवाद न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी करावयास ते उभे राहिले, तेव्हा त्यांना भोवळ आल्यासारखे झाले आणि एकही प्रश्न सुचला नाही. ते काम त्यांनी दुसऱ्या वकिलाकडे सोपविले.

हेच गांधीजी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरिया येथे राहणाऱ्या हिंदी लोकांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि त्या लोकांची एक सभा भरविली. व्यापारात सत्य पाळणे शक्य नाही, असे अनेक व्यापारी म्हणत असत. हे म्हणणे गांधीजींना पटत नव्हते. सत्याने व्यापार करता येतो, हाच विषय घेऊन ते तेथे बोलले. हे आपल्या आयुष्यातील पहिले भाषण, असे त्यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे. लंडनमध्ये न फुटलेली वाणी प्रिटोरियात कशी फुटली? तेथे त्यांना सांगण्यासारखे काही होते, ते कोणाला सांगावयाचे हे ठाऊक होते, आणि विषयाची तयारीही केलेली होती. 'मी कसा दिसतो?' ही चिंता मागे पडली आणि 'यांना काय सांगावयाचे?' हा विचार पुढे आला, की भयाचा जोर ओसरू लागतो. सभाभयावर याहून चांगले औषध नाही.

यावरून भाषणाच्या तयारीचे तीन प्रश्न निघतात: काय सांगावयाचे, कोणाला सांगावयाचे आणि कशासाठी सांगावयाचे? समजा, एखाद्या विद्यार्थ्याला 'पाणी' या विषयावर पाच मिनिटे बोलावयाचे आहे. तो पृथ्वीवरील सागरांपासून आरंभ करून पाऊस, नद्या, धरणे आणि पूर यांवरून उड्या मारीत गेला, तर श्रोत्यांच्या हाती काहीच लागत नाही. तोच विद्यार्थी आपल्या गावच्या विहिरीवर गेला, ती कोणत्या महिन्यात आटते हे त्याने विचारले, पावसाचे पाणी कोठून वाहून जाते हे पाहिले, आणि 'ओढ्याला बांध घातला तर विहिरीला अधिक काळ पाणी टिकेल' एवढेच सांगावयाचे ठरविले, तर त्याच्या भाषणाला कणा मिळतो. एका भाषणाचा एकच मुख्य विचार असावा. बाकी सर्व माहिती त्या विचाराच्या सेवेत असावी.

थोडक्यात सांगणे हे सोपे काम नव्हे. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा अर्पणसमारंभ झाला. त्या दिवसाचे प्रमुख वक्ते एडवर्ड एव्हरेट हे नामांकित फडे वक्ते होते. ते सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत बोलून खाली बसले. त्यांचे भाषण सुमारे २७० शब्दांचे होते. दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी लिंकनना पत्र लिहिले आणि प्रसंगाचे जे मर्म तुम्ही दोन मिनिटांत गाठले, त्याच्या जवळपास मी दोन तासांत पोहोचलो असतो तरी मला समाधान वाटले असते, अशा आशयाची मोकळी कबुली दिली. लिंकननी ते भाषण आगगाडीत बसून सहज खरडले, अशी एक दंतकथा आहे. परंतु वॉशिंग्टन सोडण्यापूर्वीच त्याचे लेखन सुरू झाले होते. लहान भाषणाला मोठी तयारी लागते, हाच याचा अर्थ.

तयारी झाली म्हणजे भाषण घोकून पाठ करावे काय? तसे करू नये. पाठ केलेल्या भाषणातील एक शब्द निसटला, की सर्व माळ तुटते. आरंभीचे आणि शेवटचे वाक्य पक्के करावे, मधले मुद्दे एका चिटोऱ्यावर चार-पाच शब्दांत टिपून ठेवावेत, आणि घड्याळ समोर ठेवून दोन-तीनदा मोठ्याने बोलून पाहावे. मनातल्या मनात वाचलेले भाषण नेहमी लहान वाटते. मोठ्याने बोलताच त्याची खरी लांबी कळते.

आता आवाजाविषयी. मोठा आवाज म्हणजे ओरडणे नव्हे. वरवरच्या श्वासावर बोलणाऱ्याचा आवाज लवकर थकतो. पोटापर्यंत भरून घेतलेल्या श्वासावर बोलणाऱ्याचा आवाज टिकतो. सभेतील शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाशी आपण बोलत आहोत, असे मनात धरावे, म्हणजे आवाज आपोआप योग्य उंचीवर येतो. मराठी बोलणाऱ्याने तर एक गोष्ट विशेष सांभाळली पाहिजे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि होकार की नकार, हेही बहुधा शेवटीच कळते. 'या विहिरीचे पाणी प्यावे' आणि 'या विहिरीचे पाणी पिऊ नये' या दोन वाक्यांचा आरंभ एकच आहे. सारा भेद शेवटी आहे. पुष्कळ वक्त्यांचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली बसतो. मग मागे बसलेल्या माणसाने पाणी प्यावे की पिऊ नये? म्हणून वाक्याचा शेवट स्पष्ट उच्चारावा, आणि पुढचे वाक्य सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. हा विराम वक्त्याला फार मोठा वाटतो. श्रोत्याला मात्र तो विचार करण्यापुरताच मिळतो.

उभे राहताना दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा. नजर छताकडे किंवा जमिनीकडे न लावता श्रोत्यांकडे असावी. हातांना मुद्दाम काम शोधू नये. बोलण्यात जीव असला, की हात आपली वाट शोधतात. समोर ध्वनिक्षेपक असल्यास त्यावर फुंकर घालू नये, बोट आपटू नये आणि त्यात तोंड खुपसून किंचाळू नये. ध्वनिक्षेपक आवाज मोठा करतो. अस्पष्ट उच्चार स्पष्ट करीत नाही.

वक्त्याच्या कर्तव्याविषयी पुष्कळ बोलले जाते. श्रोत्याच्या कर्तव्याविषयी फार थोडे. आपल्या परंपरेने मात्र श्रवणाला मोठा मान दिला आहे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून झाला आहे. ज्ञानदेवांसारख्या वक्त्यालाही श्रोत्याचे लक्ष मागावेसे वाटते, यावरून त्या लक्षाचे मोल ध्यानात येते. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती दीडशे वर्षांच्या घरात पोहोचली, ती केवळ वक्त्यांच्या बळावर नव्हे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी शांतपणे ऐकावयास येणारे श्रोते पिढ्यान्‌पिढ्या लाभले, म्हणूनच.

ऐकणे कठीण का जाते? वाणीपेक्षा मन वेगवान असते. वक्ता एक वाक्य बोलेपर्यंत श्रोत्याचे मन घरी, अंगणात आणि खेळाच्या मैदानावर जाऊन येते. या भटक्या मनाला काम दिले पाहिजे. वक्त्याचा मुख्य मुद्दा कोणता, त्यासाठी त्याने कोणता पुरावा दिला, आणि आपल्याला कळले नाही ते काय, हे तीन प्रश्न श्रोत्याने मनात चालू ठेवावेत. मधूनमधून एखादा शब्द वहीत टिपावा. परंतु प्रत्येक शब्द उतरवून घेण्याच्या नादात अर्थ हातचा जाऊ देऊ नये. मुख्य म्हणजे, वक्ता बोलत असताना आपण त्याला काय उत्तर देणार, याची जुळवाजुळव करू नये. जो उत्तर रचीत बसतो, त्याचे कान उघडे असले तरी मन बंद असते. मतभेद असेल तर प्रथम 'आपले म्हणणे असे आहे ना?' असे विचारून समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, आणि मग आपले मत मांडावे. निम्मे वाद एवढ्यानेच मिटतात; कारण ते मतभेदातून नव्हे, तर अर्धवट ऐकण्यातून जन्मलेले असतात.

चांगला वक्ता श्रोत्याला जागे ठेवतो. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांची भाषा साधी, वऱ्हाडी वळणाची होती. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे मुके जनावर मारावे काय, मुलांना शाळेत घालावे की नाही, असे विषय घेऊन ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, आणि श्रोतेच त्याचे उत्तर देत. जे उत्तर मनुष्य स्वतःच्या तोंडाने देतो, ते त्याला सहसा विसरता येत नाही. त्या कीर्तनात वक्ता कोण आणि श्रोता कोण, ही सीमारेषाच पुसून जाई.

बोलण्याची आणि ऐकण्याची कला ही केवळ स्पर्धेतील ढाल मिळविण्यासाठी नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान दिले. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण या सभेचा सदस्य असतो. अशा सभेत नव्या विहिरीची जागा ठरवावयाची आहे, अशी कल्पना करावी. एक गृहस्थ खणखणीत आवाजात, सुंदर दाखले देत बोलतात. परंतु त्यांनी जागा पाहिलेली नाही. कोपऱ्यात एक वृद्ध स्त्री बसली आहे. चाळीस वर्षे तिने त्या शिवारातून पाणी वाहिले आहे. कोणत्या झऱ्याला वैशाखातही पाणी असते, हे तिला नेमके ठाऊक आहे. पण सभेत बोलण्याची तिला सवय नाही. ती उठली नाही, तर गावाचे नुकसान होईल. ती उठली, अडखळत बोलली आणि लोक तिच्या अडखळण्याला हसले, तर नुकसान तेवढेच होईल. भर एका अन्यायाची पडेल. विहीर चुकीच्या जागी खणली जाईल, आणि रित्या घागरी घेऊन साऱ्या गावाला वणवण करावी लागेल.

म्हणून श्रोत्याची खरी परीक्षा अशा वेळी असते. गोड आणि डौलदार बोलण्यातील खोटे त्याला ओळखता आले पाहिजे, आणि ओबडधोबड बोलण्यातील खरे त्याला वेचता आले पाहिजे. वक्तृत्व हे धारदार साधन आहे. ते सत्याच्या हाती असेल तर समाज तारते. असत्याच्या हाती गेले, तर त्याला आवर घालण्याचे सामर्थ्य केवळ सावध श्रोत्यांपाशी असते.

या दोन्ही कलांची पहिली शाळा म्हणजे वर्गच होय. परिपाठात दोन मिनिटे बोलण्याची संधी टाळू नये. ज्याला भय वाटते त्याने प्रथम घरच्या माणसांपुढे, मग दोन मित्रांपुढे आणि मग वर्गापुढे बोलावे. आणि एखादा सोबती बोलता बोलता अडखळला, तर इतरांनी हसू नये. शांत राहून त्याला पुढचा शब्द सापडेपर्यंत वेळ द्यावा. त्या शांततेच्या आधाराने आज एक मुलगा आपले वाक्य पुरे करील, आणि उद्या भरसभेत सत्य सांगावयास तोच निर्भयपणे उभा राहील.