मागचीं चाकें कीं चारी चाकें?

जर्मनीसारख्या थंड देशांत वेगवान् मोटारगाडी घेणाऱ्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो: एंजिनाचा जोर केवळ मागच्या चाकांस असावा, कीं चारींस?

जोर मागें असला म्हणजे पुढचीं चाकें वळण्यास मोकळीं राहतात आणि गाडीहि हलकी होते. वेग घेतांना भार मागें झुकून मागच्या चाकांची पकड वाढते. परंतु बर्फावर ही पकड अपुरी पडते व चाकें जागच्याजागीं फिरूं लागतात. तेथें जोर चौघांत वाटल्यास प्रत्येक चाकावरील ताण कमी होतो. ऑडी कारखान्यानें १९८० सालीं ‘क्वात्रो’ गाडी काढून याचा फायदा दाखविला. मागच्या चाकांसाठीं प्रसिद्ध असलेल्या बीएमडब्ल्यूनेंहि २०१७ मध्यें आपल्या एम-फाइव्ह गाडीस चारी चाकांचा जोर दिला. मात्र चालकाची इच्छा असल्यास तो सर्व मागेंच वळविण्याची सोय ठेवली.

तथापि येथें एक भ्रम प्राणावर बेततो. चारी चाकांचा जोर गाडी हलवितो, थांबवीत नाहीं. ब्रेक दोन्ही प्रकारांत चारी चाकांस असतातच. गाडी थांबते ती टायरच्या पकडीनें. बर्फांतून सहज निघालेला चालक निर्धास्त होतो आणि पुढच्या उतारावर फसतो. हिवाळी टायर चढविलेली मागच्या चाकांची गाडी तेथें उन्हाळी टायरच्या चारचाकी जोराच्या गाडीहून लवकर थांबते.

म्हणून ज्याच्या घरची वाट बर्फाच्या चढणीची, त्यानें चारी चाकें पत्करावीं. ज्याचा रस्ता बहुधा कोरडा, त्यास मागचीं पुरेशीं आहेत. टायरचा विचार मात्र दोघांनींहि आधीं करावा.