वर्दीतले मास्तर

विल्म होझेनफेल्ड हे मूळचे शाळामास्तर. १८९५ साली जर्मनीच्या हेसे भागातल्या एका कॅथलिक शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते लढले, जखमी झाले आणि पुढे फुल्डाजवळच्या थालाऊ गावात मुलांना शिकवू लागले. पत्नी आनेमारी, पाच मुलं आणि गावची शाळा एवढा त्यांचा संसार. १९३३ मध्ये ते हिटलरच्या ‘एसए’ या निमलष्करी दलात दाखल झाले आणि १९३५ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले. त्यांच्याविषयी आदर असणाऱ्याला ही नोंद गाळावीशी वाटेल. पण ती गाळली, तर हा माणूस कुठून कुठवर आला हे कळणारच नाही.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पुन्हा लष्करात बोलावणं आलं. जर्मनीने पोलंडवर हल्ला केल्यावर पाब्यानित्से इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीवर त्यांची नेमणूक झाली. कैद म्हणजे काय, हे त्यांना तिथे रोज पाहावं लागलं. नवऱ्याच्या शोधात आलेल्या एका गरोदर पोलिश बाईसाठी त्यांनी खटपट केली आणि तिच्या नवऱ्याला, स्तानिस्वाव चेचोराला, सोडवलं. या चेचोरा कुटुंबाशी त्यांचा पुढे घरोबा झाला.

१९४० पासून ते वॉर्सात होते. तिथे जर्मन सैनिकांच्या क्रीडाशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. वरवर पाहता हे निरुपद्रवी काम. पण याच शाळेच्या आडोशाने त्यांनी माणसं वाचवली. नाझींचे गुप्त पोलीस, गेस्टापो, मागावर असलेल्या चेचोरांच्या पाद्री भावाला त्यांनी खोट्या नावाने कामावर ठेवलं. लेओन वार्म हा ज्यू तरुण १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे निघालेल्या गाडीतून उडी मारून निसटला होता. त्यालाही खोटे कागद आणि नोकरी मिळाली. त्याच काळात होझेनफेल्ड आपल्या रोजनिशीत ज्यूंच्या कत्तलीबद्दल लिहीत होते. ही लाज आपल्या साऱ्या राष्ट्राची आहे, आपणही त्या अपराधाचे वाटेकरी आहोत, असा त्या लिखाणाचा सूर. त्या वह्या त्यांनी घरी पाठवल्या. त्या वाटेत कुणाच्या हाती लागल्या असत्या, तर त्यांच्या जिवावर बेतलं असतं.

ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला. पकडलेल्या बंडखोरांची चौकशी करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांना या लोकांविषयी कणव वाटत होती, हे पत्रांतून दिसतं; तरी ते त्या यंत्रणेतच उभे होते, हेही तितकंच खरं.

उठाव चिरडल्यानंतर उजाड झालेल्या शहरात, नोव्हेंबरमध्ये, नियेपोदलेग्वोश्ची मार्गावरच्या एका पडक्या इमारतीत त्यांना खंगलेला माणूस सापडला. तो ज्यू पियानोवादक व्वादिस्वाव श्पिलमान होता. तिथल्या बेसूर पियानोवर त्याने शोपँची रचना वाजवली. होझेनफेल्डनी त्याला माळ्यावर लपायला चांगली जागा शोधून दिली, ब्रेड आणि जाम आणून दिला, थंडीसाठी आपला ओव्हरकोट दिला. नाव मात्र सांगितलं नाही.

१७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत फौजेने त्यांना पकडलं. ते हेर असावेत असा अधिकाऱ्यांचा संशय होता. ज्यूंना वाचवल्याचं त्यांचं म्हणणं कुणाला पटेना. १९४६ मध्ये पत्नीला पाठवलेल्या पत्रात त्यांनी आपण मदत केलेल्यांची नावं कळवली. १९५० मध्ये लेओन वार्म आनेमारीला भेटला, ते पत्र त्याने पाहिलं आणि श्पिलमानला कळवलं. श्पिलमानने पोलंडच्या सुरक्षा यंत्रणेचे सूत्रधार याकूब बेरमान यांच्याकडे शब्द टाकला. त्यांचंही सोव्हिएत अधिकाऱ्यांपुढे काही चाललं नाही. पंचवीस वर्षांची शिक्षा भोगत असताना, पक्षाघाताच्या झटक्यांनी खचलेले होझेनफेल्ड १३ ऑगस्ट १९५२ रोजी स्टालिनग्राडच्या छावणीत वारले.

श्पिलमानच्या आठवणींचं पुस्तक १९४६ मध्येच पोलंडमध्ये निघालं होतं. पण त्यात या अधिकाऱ्याला ऑस्ट्रियन करून टाकलं होतं. भला जर्मन तेव्हा छापणं अवघड होतं. जगाला ही हकिगत खऱ्या अर्थाने कळली ती १९९८ च्या जर्मन आवृत्तीमुळे आणि २००२ मध्ये आलेल्या रोमान पोलान्स्कीच्या ‘द पियानिस्ट’ या चित्रपटामुळे.

ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूएतरांचा गौरव करणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने मात्र लगेच होकार दिला नाही. उठावातल्या चौकशांचा प्रश्न होता, आणि तो विचारायलाच हवा होता. होझेनफेल्डांची पत्रं आणि रोजनिशी २००४ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाली. कागदपत्रं तपासून, त्यांचा युद्धगुन्ह्यांत हात नव्हता अशी खात्री झाल्यावरच संस्थेने त्यांचं नाव आपल्या यादीत घेतलं. ती घोषणा २००९ मध्ये झाली. श्पिलमान त्याच्या नऊ वर्षं आधीच गेले होते.