शहराचा ओला कचरा आणि आपली सरी

शहराच्या कचऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. बाजारात गेलेल्या भाजी-फळांबरोबर आपल्या रानाचा कस शहरात जातो आणि साली-देठांच्या रूपाने कचराकुंडीत पडतो.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. तिच्या सभासद, बहुतेक भगिनीच, दारोदार ओला व सुका कचरा वेगवेगळा घेतात. खरी मेख इथंच आहे. कचरा एकत्र आला की काच-प्लॅस्टिक खतातून थेट आपल्या सरीत!

ओल्या कचऱ्यात पालापाचोळा मिसळून, ओल राखून ढीग वरखाली करावा लागतो. आतली उष्णता काही दिवस ५५ अंशांवर टिकली, की रोगजंतू व तणाचे बी मरते.

म्हणून शहरी कंपोस्ट घेताना आम्ही सांगतो, मूठभर हातात घेऊन बघा. मातीचा वास हवा. ऊब नको, काच नको. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे कर्ब-नत्र प्रमाण २० पेक्षा कमी हवे. तपासणी अहवाल मागा. कच्चे खत उसाचेच नत्र ओढून घेते.

आणि घरचे पाचट पेटवून शहराचे खत विकत आणायचे, हा कुठला हिशेब?