चाकांवरचे बिऱ्हाड : जबलपूर ते अमरकंटक मार्गाची आखणी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण मराठीत आहे. मोटारीमागे राहते घर जोडून प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाची स्थिती काहीशी अशीच असते. निजण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय बरोबर असल्यामुळे त्याला मुक्कामाच्या ठिकाणी खोली शोधावी लागत नाही. परंतु या स्वातंत्र्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. एकट्या मोटारीला जी वाट सुखाची असते, तीच वाट मागे हजार किलोग्रॅम वजनाची कॅरव्हॅन जोडल्यावर अवघड, क्वचित धोक्याचीही होऊ शकते. म्हणून अशा सहलीत मार्गाची आखणी ही प्रवासापूर्वीची किरकोळ तयारी नसून प्रवासाचा पायाच होय.

हौसेखातर फिरते घर बांधण्याची प्रथा तशी जुनी नाही. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने १८८५ साली 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढावयाची कॅरव्हॅन खास सहलीसाठी बांधवून घेतली. १९०७ साली तेथे अशा हौशी प्रवाशांचा क्लब स्थापन झाला आणि १९१९ च्या सुमारास मोटारीमागे जोडावयाच्या कॅरव्हॅन बाजारात येऊ लागल्या. भारतात या प्रकाराला अलीकडे चालना मिळाली. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. आपल्याकडील बहुतेक कॅरव्हॅन स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या असतात. मागे ओढावयाच्या कॅरव्हॅन अद्याप विरळाच आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा ट्रेलरलाही मोटार वाहनच मानतो. त्यामुळे नोंदणी व विम्याची कागदपत्रे मोटारीबरोबरच कॅरव्हॅनचीही तपासून घेणे आवश्यक ठरते.

नाव नवे असले, तरी जबलपूरच्या परिसराला या कल्पनेचे नवल वाटू नये. वऱ्हाडनागपूरकडील कापूस मिर्झापूरच्या बाजारपेठेकडे नेणारा मार्ग याच शहरावरून जात असे आणि मंडल्याच्या वाटेने बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मिठाची वाहतूक करीत. वाटेत पाणी कोठे, बैलांना चारा कोठे, कोणता चढ सकाळच्या थंड वेळी ओलांडावयाचा, या तीन प्रश्नांवर तांड्याच्या नायकाची सारी आखणी उभी असे. बैलांच्या जागी इंजिन आले, पण प्रश्नांचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

वजनाचा हिशेब

मार्ग निवडण्याआधी आपण काय ओढणार आहोत, हे निश्चित केले पाहिजे. नवशिक्याने भरलेल्या कॅरव्हॅनचे वजन रिकाम्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक होऊ देऊ नये, असा संकेत ब्रिटनमध्ये रूढ आहे. मोटारीच्या उत्पादकाने ठरवून दिलेली ओढण्याची मर्यादा याहून कमी असेल, तर अर्थातच तीच पाळावयाची. पाण्याचा हिशेब विशेष काळजीने करावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोग्रॅम वजन होय. पुढल्या मुक्कामी पाणी मिळणार असल्याची खात्री असेल, तर भरलेली टाकी चढावर ओढीत नेण्यात शहाणपण नाही.

एकूण वजनाइतकीच त्याची मांडणीही महत्त्वाची असते. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. बोजा मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. फार पुढे आला की बैलांच्या माना दबतात. कॅरव्हॅनच्या बाबतीत जुवाची जागा मोटारीमागील हूक घेतो. या हुकावर कॅरव्हॅनच्या वजनाच्या साधारणपणे ५ ते १० टक्के भार असावा, म्हणजे हजार किलोग्रॅमच्या कॅरव्हॅनसाठी ५० ते १०० किलोग्रॅम. हा भार कमी पडला, तर वेग वाढताच कॅरव्हॅन डावीउजवीकडे झोके घेऊ लागते आणि ते झोके वाढत जाऊन मोटारीलाही रस्त्याबाहेर खेचू शकतात. जड सामान चाकांच्या आसावर व तळाशी आणि हलके सामान वरच्या फळ्यांवर ठेवावे, हा नियम यातूनच निघतो.

मार्गाची निवड

जबलपूरहून निघणाऱ्यास अनेक दिशा खुल्या आहेत. लखनादौन व सिवनीवरून नागपूरकडे जाणारा महामार्ग रुंद व ओढण्यास सोपा आहे. परंतु निसर्ग पाहण्यासाठी निघालेल्या प्रवाशाला त्यावर वेगाखेरीज फारसे काही गवसत नाही. याउलट नर्मदेच्या उगमाकडे जाणारी वाट प्रत्येक टप्प्यावर काही ना काही दाखवीत जाते. जबलपूरहून मंडला, तेथून दिंडोरी, पुढे अमरकंटक आणि परतीला दिंडोरी, शहापुरा व कुंडमवरून पुन्हा जबलपूर, असे हे वर्तुळ आहे. त्याची लांबी पाचशे ते साडेपाचशे किलोमीटरांच्या दरम्यान भरते. मंडल्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३० आणि परतीला क्रमांक ४५ यांचा आधार मिळतो. मंडला व दिंडोरी यांच्यामधला टप्पा तुलनेने लहान रस्त्याचा असल्यामुळे त्याची ताजी स्थिती निघण्यापूर्वी स्थानिक लोकांकडून जाणून घ्यावी.

नदीचा प्रवास असला, तरी रस्ता सतत नदीकाठाने जाईल, अशी अपेक्षा धरू नये. बरगी धरणाचा जलाशय १९९० साली प्रथम भरला, तेव्हापासून जबलपूर व मंडला यांच्यामधील नर्मदेचे खोरे दूरवर पाण्याखाली आहे. या धरणामुळे १६२ गावे बाधित झाली. आज निळ्या पाण्याचा जो विस्तार प्रवाशाला मोहवितो, त्याच्या तळाशी कोणाची तरी शेते होती, हे जाणून तो पाहणे उचित होय. आखणीच्या दृष्टीने एवढेच सांगावयाचे, की धरणापूर्वीच्या नकाशांवर किंवा वर्णनांवर विसंबून येथे वाट ठरविता येत नाही.

कॅरव्हॅन नेण्यायोग्य वाट आणि पाहण्यायोग्य ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आखणीचे मुख्य सूत्र मानावे. भेडाघाट हे त्याचे उत्तम उदाहरण. जबलपूरपासून सुमारे २५ किलोमीटरांवर नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते आणि धुवाँधार येथे कोसळते. जवळच दहाव्या शतकातील, कलचुरी काळातले चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. लम्हेटा घाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत डायनोसॉरचे अवशेष सापडले आहेत; या परिसरात असे अवशेष प्रथम १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला आढळले. हे सारे पाहण्यासाठी कॅरव्हॅन शहराच्या बाजूस सुरक्षित जागी उभी करून केवळ मोटार न्यावी. दुकानांच्या गर्दीतील अरुंद वाटेत जोडलेली गाडी मागे घेणे कठीण असते. कारण चाक ज्या बाजूला वळवावे, त्याच्या विरुद्ध बाजूला कॅरव्हॅनचे शेपूट वळते. वळणावर कॅरव्हॅनची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून कोपऱ्यावरील ओटे व दगड यांपासून अधिक अंतर ठेवावे लागते.

चढ आणि उतार

जबलपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ४०० मीटर, तर अमरकंटकची सुमारे १,०५० मीटर आहे. हवा विरळ होत गेल्यामुळे साध्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरमागे सुमारे दहा टक्क्यांनी घटते. टर्बो बसविलेल्या इंजिनाला ही घट कमी जाणवते. मात्र खरा ताण उंचीपेक्षा चढाचा असतो. वीस मीटरांत एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर मोटार व कॅरव्हॅन मिळून ३,००० किलोग्रॅम वजन असेल, तर केवळ त्या चढामुळे १५० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ मागे लागते. दिंडोरीकडून येणारा रस्ता अमरकंटकजवळ मैकल डोंगररांगेत चढू लागतो. हा टप्पा सकाळी, इंजिन थंड असताना व हवा गार असताना ओलांडावा.

तथापि, अपघात चढावर कमी आणि उतारावर अधिक होतात. ३,००० किलोग्रॅमचे हे वजन ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे २८ लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीपर्यंत तापवू शकेल इतकी असते. तिचा काही भाग वारा व टायर खर्च करतात; उरलेला भाग ब्रेकवर पडला, तर ब्रेक तापून त्यांची पकड सुटू लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे, असा अनुभवी चालकांचा नियम आहे. मग वेग आवरण्याचे पुष्कळसे काम इंजिन करते आणि ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ व नेमका दाबता येतो. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर बदलावा. वेग वाढल्यानंतर तो बदलण्याचा प्रयत्न उशिराचा ठरतो.

दिवसाचे अंतर व मुक्काम

जबलपूर ते मंडला हे अंतर सुमारे ९५ किलोमीटर आहे. एकटी मोटार ते दोन-अडीच तासांत काटू शकते. कॅरव्हॅन जोडल्यावर साडेतीन ते चार तास धरावेत. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरांहून अधिक मजल आखू नये आणि सूर्यास्तापूर्वी दोन तास मुक्कामाला पोहोचावे. अंधारात अनोळखी जागी कॅरव्हॅन लावताना ओल्या जमिनीचा किंवा उताराचा अंदाज येत नाही. शिवाय या भागात जंगलातील रस्त्यांवर रात्री जनावरे येतात.

या हिशेबाने मंडला हा पहिला मुक्काम होतो. येथे नर्मदा शहराला तीन बाजूंनी वेढते. येथून रामनगरचा मोतीमहाल पाहता येतो. गोंड राजा हृदयशाह याने सतराव्या शतकात तो नर्मदाकाठी बांधला. कान्हा राष्ट्रीय उद्यानात जावयाचे असल्यास कॅरव्हॅन बाहेर ठेवूनच जावे लागते, कारण अभयारण्यातील फेरी ठरलेल्या वाहनांतूनच होते. दिंडोरी हा दुसरा मुक्काम व अमरकंटक हा तिसरा. अमरकंटकला दोन रात्री ठेवल्यास नर्मदेचा उगम व कपिलधारेचा धबधबा निवांत पाहता येतात. परतीला शहापुऱ्याजवळचे घुघुवा जीवाश्म उद्यान चुकवू नये. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ताडवर्गीय व इतर वृक्षांची खोडे तेथे दगड होऊन पडलेली आहेत.

मुक्कामाची जागा सपाट, घट्ट व पाण्याच्या पातळीपासून उंच असावी. नदीच्या वाळूत उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वाळूत चाके रुततात आणि धरणातून पाणी सोडल्यास पातळी अकस्मात वाढू शकते. धर्मशाळेच्या, ढाब्याच्या किंवा विश्रामगृहाच्या आवारात परवानगी मागून थांबणे सर्वांत बरे. हूक सोडण्यापूर्वी चाकांना उटी लावावी. हा क्रम उलटला, तर गाडी घरंगळते.

ऋतू आणि मर्यादा

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा पावसाळा या सहलीस वर्ज्य मानावा. नर्मदेला पूर असताना धुवाँधारचा प्रपात पाण्यातच लोपतो, कान्ह्याचे दरवाजे बंद असतात आणि कडेची माती खचल्यामुळे जड गाडीला बाजू देणे धोक्याचे होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र सकाळच्या धुक्यात निघण्याची घाई करू नये. मकरसंक्रांतीला जबलपूरच्या तिलवारा घाटावर, कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटावर आणि महाशिवरात्रीला व नर्मदा जयंतीला अमरकंटकात मोठी गर्दी लोटते. मेळा पाहावयाचा तर पायी पाहावा; त्या दिवशी कॅरव्हॅन रस्त्यावर आणू नये.

एक बंधन मात्र ऋतूवर अवलंबून नाही. कॅरव्हॅनमधील सांडपाणी व मैला यांची टाकी रिकामी करण्याची व्यवस्था या वाटेवर सर्वत्र मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून शहरातून निघताना ती रिकामी असावी, वाटेत सार्वजनिक शौचालयांचा उपयोग करावा आणि भरलेली टाकी पुढील शहरातील योग्य व्यवस्थेपर्यंत सांभाळून न्यावी. ज्या नदीचे पाणी परिक्रमावासी ओंजळीने पितात, तिच्या काठी ती रिकामी करणे हा सोयीचा प्रश्न नसून अपराध आहे. याच नदीचे पाणी पुढे जबलपूरच्या घरांतही पोहोचते.

नर्मदेची परिक्रमा करणारा यात्रेकरू नदीला उजव्या हाताला ठेवून चालतो आणि ती मध्ये कोठेही ओलांडीत नाही. कॅरव्हॅनच्या प्रवाशावर असे बंधन नाही. तो कोणत्याही पुलावरून पार जाऊ शकतो आणि वाट चुकली तर परत फिरू शकतो. परंतु परत फिरण्यास लागणारी जागा पुढे मिळेल की नाही, हे त्याने घरून निघण्यापूर्वीच पाहिलेले असले पाहिजे.