खोडदच्या दुर्बिणीचे नवे कान

दुर्बीण म्हटली की काचेचे भिंग आणि अंधारी रात्र डोळ्यांपुढे येते. अक्कलकुव्यास सातपुड्याच्या पायथ्याशी हिवाळ्यातील रात्री जे आकाश दिसते, ते पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून दिसावयाचे नाही. तथापि आषाढातील ढगांपुढे आम्ही आणि ते सारखेच निरुपाय. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय दुर्बिणीस मात्र ना ढगांची अडचण, ना दिवसाच्या उजेडाची. कारण ती आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ग्रहण करते. ती पाहत नसून ऐकते, असे म्हणावयास हरकत नाही.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण इ. स. २००१ मध्ये राष्ट्रास अर्पण झाली. तिच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. पैकी चौदा खोडदजवळ एकत्र, उरलेल्या सोळा तीन दिशांस सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. तबकडी भरीव पत्र्याची नव्हे. पोलादी दोरांवर ताणून बसविलेली ती बारीक तारेची जाळी आहे. लांब लहरी तिच्यावरून आरशावरून परतावे तशा परततात, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे वजन व खर्च दोन्ही वाचले. आमच्या मते या यंत्रातील खरी बुद्धिमत्ता येथेच आहे.

इ. स. २०१९ मध्ये दुर्बिणीचे नूतनीकृत स्वरूप सिद्ध झाले, तेव्हा तबकड्या त्याच राहिल्या. बदलले ते लहरी टिपणारे ग्राहक आणि तीसही तबकड्यांचे संदेश एकत्र करणारे संगणक. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू येई, तो आता ४०० पर्यंत येतो. घरच्या रेडिओवर एका केंद्राऐवजी कितीतरी केंद्रे एकदम लागावीत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे गोंगाट न होता प्रत्येक सूर वेगळा मोजता येतो.

त्याचे फळ लवकरच दिसले. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन एकेकटा मोजणे अशक्यप्राय. म्हणून पुण्याच्या संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र केले आणि इ. स. २०२० मध्ये त्या वायूचे सरासरी मोजमाप प्रसिद्ध केले. त्या काळी तारे इतक्या वेगाने जन्मत होते की तेवढा वायू एक-दोन अब्ज वर्षांतच सरावा. विश्वातील ताऱ्यांचा जन्म पुढे का मंदावला, याचा उलगडा त्यातून होतो.

परंतु कान रुंदावले की नको तेही ऐकू येते. मोबाईलचे मनोरे, विजेच्या तारांतील ठिणग्या, सारेच तबकडीत शिरते. आणि ही जागा निवडली होती ती मुळात येथील शांततेसाठी. पुणे-नाशिक रेल्वेचा नियोजित मार्ग या टापूतून जात होता. दुर्बिणीच्या कारणास्तव तो बदलावा लागत असल्याचे रेल्वेमंत्र्यांनी इ. स. २०२४ मध्ये सांगितले. आम्हांस हे योग्य वाटते. मात्र आपला भाजीपाला रेल्वेने जावा, ही जुन्नर-नारायणगावच्या शेतकऱ्याची अपेक्षाही गैर नव्हे, आणि तिची काही सोय सरकारास लावावी लागेल.